खेळामागचं गणित – भाग ६ : दोनदा आलेला पणजोबा

मागच्या भागात संगणकाच्या फाशाबद्दल बोललो. या वेळी तोच फासा घोडीच्या पोटात घालू.

डिसेंबर १९९१मध्ये जपानात फॅमिकॉम या गेम कन्सोलवर ‘डर्बी स्टॅलियन’ आला. कल्पना हिरोयुकी सोनोबे या प्रोग्रॅमरची. ‘इंडी गेम’ हा शब्द तेव्हा रूढ नव्हता, पण वेड त्याच जातीचं. शर्यतीच्या या खेळात शर्यत तुम्ही नुसती बघायची! जॉकी निवडा, सुरुवातीपासून पुढे पळायचं की मागून मुसंडी मारायची ते सांगा आणि हात चोळत बसा. खरा खेळ स्टड फार्मवर चालतो. घोडी कोणत्या घोड्याला दाखवायची? नामांकित घोड्याची फी जबर. शिंगरू मैदानात उतरेपर्यंत खर्च चालूच, आणि पैसा संपला की खेळ खलास.

या मालिकेतल्या खेळाडूंचा जीव अडकतो तो वंशावळीच्या तक्त्यात. तिथे एकच नाव दोन्हीकडून आलं, एकीकडून पणजोबा आणि दुसरीकडून खापरपणजोबा म्हणून, की डोळे चमकतात. पणजोबाचा वाटा १२.५ टक्के, खापरपणजोबाचा ६.२५, बेरीज १८.७५. जपानी रेसशौकिनांत या आकड्याला चमत्काराचं रक्त म्हणतात. (सगोत्र टाळणाऱ्या आपल्या मंडळींना हे पचायला जड जाईल.) खेळात अशा जुळणीने वेग वा दम वाढू शकतो, पण शिंगरू नाजूक प्रकृतीचं किंवा तापट निघण्याची भीतीही वाढते.

प्रत्यक्षातला दाखला म्हणून ऑर्फेव्हर या घोड्याकडे बोट दाखवतात. २०११मध्ये त्याने जपानची ट्रिपल क्राउन, म्हणजे मानाच्या तिन्ही शर्यती, जिंकली. नॉर्दर्न टेस्ट हा घोडा त्याच्या आईकडून पणजोबा, बापाकडून खापरपणजोबा. डोकंही तसंच तिरपागडं: पुढच्या वर्षी हानशिनच्या मैदानात भर शर्यतीत हा पठ्ठ्या बाहेरच्या बाजूला भरकटला, जवळजवळ थांबला, आणि मग सगळ्यांना गाठत दुसरा आला.

पण बेरजेत गोम आहे. १८.७५ म्हणजे त्या पूर्वजाच्या रक्ताचा सरासरी वाटा, एवढंच. एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती त्याच पूर्वजाच्या एकाच प्रतीवरून उतरण्याची शक्यता जनुकशास्त्रज्ञ सूअल राइट यांच्या १९२२च्या सूत्राने काढली, तर ती येते ६४त एक, म्हणजे जेमतेम १.५६ टक्के. शिवाय तक्ता सख्ख्या भावंडांचा अगदी सारखा असतो, जनुकं नसतात. ऑर्फेव्हरचा सख्खा भाऊ ड्रीम जर्नी मोठ्या शर्यती जिंकला. बाकीच्या भावंडांना तेवढं जमलं नाही. त्यांची नावं कुणी घेत नाही, म्हणून आकडा चमत्कारी वाटतो. आणि तसं पाहिलं तर महालक्ष्मीवर धावणाऱ्यांसह जगातल्या प्रत्येक थरोब्रेडची पितृपरंपरा तीनच घोड्यांपाशी पोचते. नात्यातलीच वीण आहे ही सगळी, आपण फक्त चारपाच पिढ्यांवर थांबून मोजतो.

तरी सोनोबेंच्या हिशेबात मला खोट दिसत नाही. स्टड फार्मचा मालकही जनुकं बघून घोडा निवडत नव्हता. त्याच्यापुढेही तक्ता, फीचा आकडा आणि आशा एवढंच होतं. खेळाने नक्कल केली ती या धंद्याची.

जनुकांची नक्कल करायला निघालेला खेळ वेगळा: झुरिकच्या स्ट्रे फॉन स्टुडिओचा ‘निश’. त्यात प्रबळ आणि अप्रबळ जनुकं खेळाडूला उघड दिसतात. पुढच्या आठवड्यात त्याच्याकडे वळू.