पथकात जायचंय? आधी दोरी ओढायला शिका!

जुलै लागतो, ॲडमिशनची धावपळ संपते आणि कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पोस्टर फिरायला लागतं. ‘नवीन वादकांची नोंदणी सुरू.’ खाली सरावाची जागा, वेळ आणि कुणा दादाचा नंबर. तुम्ही जुन्नरला असा, नारायणगावला, मंचरला नाहीतर घोडेगावला, हे पोस्टर तुमच्यापर्यंत येतंच. मग कट्ट्यावर चर्चा सुरू होते. जायचं का? घरचे सोडतील का? आपल्याला जमेल का?

जमेल. ढोल शिकणं वाटतं तेवढं अवघड नाही. पण ‘जमेल का’ हा प्रश्न तसा दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न असा, की तुम्हाला ढोल वाजवायचाय की पथकात जायचंय? कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रीलमध्ये फक्त पहिली दिसते.

रील तीस सेकंदांचं, सराव दोन महिन्यांचा

रीलमध्ये पांढरा कुर्ता असतो, फेटा असतो, वर भगवा ध्वज आणि गुलाल. खाली ढोलांची रांग एका ठेक्यात उसळत असते. बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोला! पण त्या तीस सेकंदांच्या मागे साधारण दोन महिन्यांचा सराव असतो. गणेशोत्सवाच्या आधी वाद्यपूजन होतं आणि मग रोज संध्याकाळी, पाऊस असो नसो, हजेरी लागते.

पहिल्या काही दिवसांत नव्या पोरांच्या कमरेला ढोल बांधतच नाहीत. आधी ठेका तोंडाने म्हणायचा, टाळीवर धरायचा, हात बसवायचा. मग ढोल मिळतो. एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची थाप. पहिल्या आठवड्यात बोटांना फोड येतात आणि कमरेवर दोरीचे वळ उठतात. त्यात गंमत म्हणजे रांगेत उभं राहिल्यावर तुमचा एकट्याचा ढोल ऐकूच येता कामा नये. तो वेगळा ऐकू आला, तर तुम्ही चुकलात असं समजायचं. पन्नास ढोल मिळून एक ढोल वाटला पाहिजे.

सूत्रं असतात ताशाकडे. ताशा दिसायला लहान, पण त्याच्या दोन काड्यांचा कडकडाट सांगतो, की आता ठेका बदलायचा, आता वेग वाढवायचा, आता थांबायचं. ढोलवाल्याने डोळे ताशाकडे आणि कान शेजाऱ्याकडे ठेवायचे. झांज, ध्वज आणि टोल सांभाळणारे वेगळे. वर्षभर वर्गात मागच्या बाकावर स्वतःच्या धुंदीत बसणाऱ्याला इथे पहिल्यांदा कळतं, की दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय आपलं काही वाजत नाही.

मिरवणुकीत न दिसणारी माणसं

आता पुढच्या वेळी मिरवणूक बघाल, तेव्हा ढोलाकडे बघू नका. बाजूला बघा. हातात दोर धरून गर्दी अडवणारी पोरं दिसतील. पाण्याचे कॅन घेऊन रांगेत घुसणारी मुलगी दिसेल. ढोलाचं पान फाटलं की तो बाजूला घेऊन दुसरा पुढे करणारा कुणीतरी असतो. चक्कर आलेल्या वादकाला सावलीत नेणारा असतो. सगळं संपल्यावर रात्री टेम्पोत ढोल मोजून चढवणारे असतात. त्यांचा व्हिडिओ कुणी काढत नाही.

ढोलाची दोरी हा तर वेगळाच विषय आहे. दोरी सैल पडली की आवाज बसतो. मग ढोल आडवा घालून, पाय लावून, दोघांनी मिळून ती ओढायची. कातडी पान असेल, तर पावसाळी हवेत ते आणखीच सैलावतं. म्हणून जुने वादक वाद्य शेकून घ्यायचे. आता बऱ्याच ठिकाणी प्लॅस्टिकची पानं आली, तरी दोरीची कटकट काही सुटलेली नाही. हे काम ज्याला येतं, तो पथकाला खरा हवाहवासा वाटतो. टिपरू धरणारे खूप मिळतात. दोरी ओढणारे मात्र कमीच.

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये मार्चिंग बँड असतो आणि त्या बँडची सेवा करण्यासाठी विद्यार्थ्यांची एक वेगळी संघटनाच आहे. तिचं नाव कप्पा कप्पा साय. ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटर इथल्या कृषी कॉलेजात १९१९ मध्ये दहा विद्यार्थ्यांनी ती सुरू केली. मुलींची टाऊ बीटा सिग्मा १९४६ ची. पुढे दोन्हींची दारं सगळ्यांना खुली झाली. बँडला लागेल ती मदत करणं, हे या संघटनांचं मुख्य काम. सामान वाहणं असो, पाणी पोचवणं असो की नव्या मुलांना सामावून घेणं. त्यात जायचं म्हणजे ‘मी बँडसाठी राबेन’ असं कबूल करायचं. आपल्या पथकात असा वेगळा गट नसतो. इथे वाजवणारा आणि राबणारा एकच असतो, निदान असायला हवा. चांगलं पथक आणि नुसता जमाव यातला फरक इथेच कळतो.

ढोल आला कुठून?

आपल्यातल्या अनेकांना वाटतं, की पथक म्हणजे पुण्याची गोष्ट. नारायणगाव-मंचरचं पोरगं शिकायला पुण्याला जातं, नदीपात्रात सराव करतं, लक्ष्मी रस्त्यावर वाजवतं आणि गावाकडे फोटो पाठवतं. पण ढोलाचा प्रवास उलटा झालेला आहे. पुण्याच्या मिरवणुकीत मुळशी, मावळातल्या गावांची ढोल-लेझीम पथकं यायची. पुढे ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग अशा शाळांच्या पथकांनी त्याला शिस्त आणि कवायत जोडली आणि शिकणारी मुलं-मुली ढोल घेऊन रस्त्यावर उतरली. म्हणजे गावातून शहरात गेलेली वस्तू कुर्ता-फेटा घालून आता गावात परत आली आहे. त्यामुळे ‘आमच्या इकडे काय, खरं पथक पुण्यात’ असं म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. आपल्याकडे शिवनेरी आहे, १९ फेब्रुवारीची शिवजयंती आहे, ओझर आणि लेण्याद्रीचे दोन अष्टविनायक आहेत, गावोगावच्या यात्रा आहेत. पुण्याच्या पथकाचा हंगाम गणपतीत भरात येतो. आपल्याला वर्षभर निमित्तं आहेत.

आणि वाद्यांच्या बाबतीत आपला भाग कधीच गरीब नव्हता. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर इथल्याच. त्यांच्या नावाने राज्य सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं. ढोलकी, हलगी, सनई ही वाद्यं मातंग, होलार अशा समाजातल्या कलावंतांनी पिढ्यानपिढ्या सांभाळली. लग्नात सगळ्यात आधी तेच पोचायचे आणि पंगतीत त्यांचा नंबर सगळ्यात शेवटी लागायचा. वाजवण्याला तेव्हा ‘पॅशन’ म्हणत नव्हते, ते पोटाचं काम होतं आणि त्याला मान नव्हता. आज आपण हौसेने तेच काम करतो आणि लोक आपले फोटो काढतात. हे लक्षात असलं म्हणजे झालं. म्हणून सरावात कधी गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या हलगीवाल्याला बोलवा, त्यांच्या पाया पडा आणि चार गोष्टी शिका. आणि लग्नाच्या सुपारीत त्यांच्या पोटावर पाय येणार नाही, एवढं बघा.

शेवटची एसटी, ऊस आणि बिबट्या

आता मुद्द्यावर येऊ. घरचे ‘नाही’ का म्हणतात? पुण्यातल्या मुलीला आई विचारते, ‘किती वाजता येशील?’ जुन्नर-आंबेगावातल्या मुलीला आई विचारते, ‘कशाने येशील?’ शेवटची एसटी निघून गेली, तर फाट्यावरून वस्तीपर्यंत चालायचं. दोन्ही बाजूंना ऊस, रस्त्यावर दिवा नाही आणि बिबट्या ही इथे गोष्टीतली भीती नाही. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, ते उगीच नाही. आई-वडिलांची काळजी जुनाट विचारातून आलेली नसते, ती रस्त्यावरून आलेली असते.

म्हणून आपल्या भागातल्या पथकाने पुण्याचं वेळापत्रक उचलून चालणार नाही. सराव दिवस मावळायच्या आत संपवावा किंवा सुट्टीच्या दिवशी सकाळी ठेवावा. उशीर झालाच, तर गट करून, गाडीने, प्रत्येकाला दारापर्यंत सोडावं आणि सगळे पोचल्याचा मेसेज ग्रुपवर आल्याशिवाय प्रमुखाने झोपू नये. हे ज्या पथकात होत नाही, तिथे मुली टिकत नाहीत. मग तेच लोक म्हणतात, ‘मुलींना इंटरेस्टच नसतो.’ इंटरेस्ट असतो हो, गाडी नसते!

दुसरी अडचण शेतीची. घरी टोमॅटोचा तोडा चालू असताना संध्याकाळी सरावाला पळणं सोपं नाही. तिसरी परीक्षेची. गणपती आणि इंटर्नल हे दोघं दरवर्षी हातात हात घालून येतात. कॉलेजची ७५ टक्के हजेरी ढोलाने भरून निघत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी प्रमुखाला सांगा, की आठवड्यातले इतके दिवस मी येणार. चार दिवस सांगून चार दिवस येणारा वादक बरा. सातही दिवस कबूल करून मिरवणुकीच्या आदल्या रात्री उगवणारा नको.

कान गेले की परत येत नाहीत

हा भाग कुणी पोस्टरवर लिहीत नाही, म्हणून इथे लिहिते. ८५ डेसिबलच्या आवाजात रोज आठ तासांपेक्षा जास्त राहू नये, असं कानांच्या सुरक्षेचं गणित आहे. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं! पुण्यात सीओईपीचे विद्यार्थी-प्राध्यापक विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर आवाज मोजतात. २०२३ मध्ये त्यांना सरासरी १०० डेसिबलच्या वर मिळाली. तुम्ही तर त्या आवाजाच्या मधोमध उभे असणार. कानात बोळे घालायला लाजू नका. सराव संपल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली, तर ती शाबासकी नाही, इशारा आहे.

आणि आपल्याइतकेच दुसऱ्यांचेही कान. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवतीचा १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र. रात्री १० ते सकाळी ६ बंदी, त्यात वर्षातल्या ठरावीक दिवसांना मध्यरात्रीपर्यंत सूट. २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पुण्यात एका पथकात ३० पेक्षा जास्त जण नकोत, असं म्हटलं होतं. गणेशोत्सवातच, १२ सप्टेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. पथकांनी जल्लोष केला. पण स्थगिती मिळाली म्हणजे शेजारच्या आजीचं दुखणं थांबलं, असं होत नाही. दवाखान्यासमोरून जाताना ताशाने हात वर केला आणि साठ ढोल एका क्षणात गप्प झाले, की समजायचं, हे पथक तयार आहे. वाजवण्यापेक्षा एकदम थांबणं अवघड आहे.

नाव द्यायच्या आधी विचारा

पथक निवडताना व्हिडिओ बघून ठरवू नका. सरावाला एकदा जाऊन नुसते बसा आणि हे प्रश्न विचारा:

– मंडळांकडून मिळणाऱ्या मानधनाचा हिशोब सदस्यांना दाखवतात का? वादक फुकट वाजवत असतील, तर पैसा कुठे जातो हे त्यांना कळलंच पाहिजे.

– कुर्ता, फी, प्रवास मिळून माझा खर्च किती?

– प्रथमोपचाराची पेटी कुणाकडे असते? (कुणालाच माहीत नसेल, तर उत्तर मिळालं.)

– मुलींच्या जाण्या-येण्याची जबाबदारी कुणाची, नावानिशी?

– वाजवताना कुणी पिऊन आला, तर काय करता?

– गणपती झाल्यावर उरलेले दहा महिने पथक काय करतं?

उत्तरं गोलमाल मिळाली, तर पोस्टर कितीही भारी असो, हात जोडून निघून या. सरळ मिळाली, तर बिनधास्त नाव द्या.

आणि पहिल्या दिवशी गेल्यावर ‘मला ढोल कधी मिळणार?’ असं विचारू नका. कोपऱ्यात एक ढोल सैल पडलेला असेल. कुणीतरी एकटाच त्याची दोरी ओढत असेल. दुसरं टोक धरा. ओळख तिथूनच होते.