उदगीरमार्गे बिदर

शिरूर अनंतपाळहून फजरनंतर आम्ही पाच शिक्षिका निघालो. उदगीरचा किल्ला लवकर आटोपला. १७६० ची लढाई साऱ्यांना पाठ! ओढ होती ती कर्नाटकातल्या बिदरची. बहमनी वजीर महमूद गवान यांनी १४७२ मध्ये बांधलेला तिमजली मदरसा. विद्यार्थ्यांना राहायला खोल्या, मशीद, हजारो ग्रंथांचे ग्रंथालय. औरंगजेबाच्या काळात बारुदाच्या स्फोटाने बराच भाग ढासळला. मिनार एकच उरला, त्यावर निळ्या फरशांचे तुकडे अजून दिसतात. बनावट पत्रावरून सुलतानाने याच वजिराला १४८१ मध्ये ठार करवले.

पालकहो, सहल म्हटले की वॉटरपार्कच कशाला? इथे मुलींनाही पाठवा, रात्रीपर्यंत घरी येतात. बिदरी सुरई काळी होते ती इथल्या किल्ल्यातल्या मातीने, हे त्यांना कारागिराच्याच तोंडून ऐकू द्या.