लाथ मारीन तिथे पदक काढीन!

7 ऑगस्ट 2021. टोकियो ऑलिंपिक, कराटेच्या 75 किलोवरील गटाचा अंतिम सामना. सौदी अरेबियाचा तारेग हमेदी 4-1 असा पुढे. त्यानं इराणच्या सज्जाद गंजजादेहला अशी उंच लाथ हाणली की गडी जागच्या जागी आडवा. स्ट्रेचर आलं, बेशुद्ध खेळाडू बाहेर गेला, आणि सुवर्णपदक मिळालं ते स्ट्रेचरवरच्यालाच! या स्पर्धेत लाथ नेमकी न्यायची, पण ताबा ठेवून थांबवायची असा नियम. जोरात बसली तर दोष मारणाऱ्याचा. हमेदी बाद झाला, त्याच्या देशाचं ऑलिंपिकमधलं पहिलंवहिलं सुवर्ण हुकलं. गंजजादेहला शुद्धीवर आल्यावर कळलं की आपण विजेते आहोत.

स्वसंरक्षणासाठी किक शिकायला निघालेल्यांनी ही गोष्ट आधी ऐकावी. खेळातली लाथ पंचांसाठी असते. रात्री साडेदहाला स्टेशनबाहेरच्या गल्लीत पंच नसतो.

उंच लाथ महाग का?

तायक्वांदोचा भाव बघा. ठोशाला 1 गुण. छातीच्या कवचावर लाथ बसली तर 2, डोक्यावर 3. गिरकी घेऊन मारली तर कवचावर 4 आणि डोक्यावर 5! मग कोण कशाला खाली मारेल? (कमरेखाली मारलं तर उलट दंडच होतो.) लंडन 2012 पासून ऑलिंपिकमध्ये खेळाडूंच्या मोज्यांत आणि कवचात सेन्सर आले, रिओ 2016 ला ते शिरस्त्राणातही शिरले. लाथ लागली की नाही हे यंत्र सांगतं म्हटल्यावर खेळाडू पुढचा पाय हवेत तरंगता ठेवून नुसते टोचे मारायला लागले. जुन्याजाणत्यांनी यावर नाकं मुरडली आणि ती मुरडण्यासारखीच होती.

तरी हा खेळ गरिबाला पावणारा. जलतरण तलाव नको, घोडा नको, महागडी सायकल नको. अफगाणिस्तानची ऑलिंपिकमधली दोनच पदकं, 2008 आणि 2012 ची कांस्यं. दोन्ही रोहुल्ला निकपाईची, दोन्ही तायक्वांदोतली. जॉर्डनचं पहिलंच ऑलिंपिक पदक, तेही थेट सुवर्ण, अहमद अबुघौशनं 2016 मध्ये याच खेळात मिळवलं. इराणच्या महिलांचं पहिलं ऑलिंपिक पदकही त्याच वर्षी किमिया अलीझादेहनं लाथेच्याच जोरावर आणलं.

आणि पॅरिस 2024 ची पॅरालिंपिक. काबूलहून निसटलेली, जन्मतःच एक हात कोपराखाली नसलेली झाकिया खुदादादी पॅरा तायक्वांदोत कांस्य जिंकली. निर्वासितांच्या पॅरालिंपिक संघाचं ते पहिलं पदक. या प्रकारात डोक्यावर लाथ मारायला बंदी आहे आणि ठोशाला गुण नाही. सगळी भिस्त पायांवर आणि पावलांवर.

लाथेचा सर्वांत वाईट वापर मात्र क्यूबाच्या आंखेल मातोसचा. सिडनी 2000 चा हा सुवर्णविजेता. बीजिंग 2008 मध्ये दुखापतीसाठी दिलेला वेळ संपला म्हणून बाद ठरला, तर त्यानं थेट पंचाच्याच तोंडावर लाथ घातली. तहहयात बंदी! सोबत प्रशिक्षकावरही.

एकही फटका न मारता विजय

24 एप्रिल 2021, फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमधली यूएफसीची मिश्र मार्शल आर्ट्सची लढत. ख्रिस वाइडमननं उराया हॉलच्या पायावर पहिली लाथ मारली, हॉलनं नडगी आडवी धरली आणि वाइडमनचाच पाय मोडला. 17 सेकंदांत खेळ खलास. हॉलनं एकही फटका मारला नव्हता. खरा शहारा पुढेच आहे. डिसेंबर 2013 मध्ये अँडरसन सिल्वाची लाथ अशीच नडगीवर झेलून त्याचा पाय मोडला होता तो याच वाइडमननं.

म्हणजे नडगी हे हत्यार आहे आणि तीच नाजूक जागाही. थायलंडच्या मुए थाईत पावलापेक्षा नडगीनंच मारतात, पण त्यांची नडगी वर्षानुवर्षं जड बॅगेवर तयार झालेली असते. हाडावर वारंवार भार आला की ते हळूहळू दाट होतं, हे एकोणिसाव्या शतकात जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फनं मांडलं. यातला 'हळूहळू' महत्त्वाचा. नडगीवर बाटली घासून किंवा भिंतीला लाथा मारून ती टणक होत नाही, फक्त सुजते.

पडून मारलेल्या लाथांचाही एक विक्रमी तमाशा झालाय. 26 जून 1976, टोकियोचं बुडोकान. मोहम्मद अली विरुद्ध जपानी पहिलवान अंतोनियो इनोकी. इनोकी पंधराच्या पंधरा फेऱ्या बहुतेक वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा झाडत राहिला. जगज्जेत्या अलीनं अख्ख्या लढतीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके ठोसे मारले. निकाल बरोबरी, प्रेक्षक संतप्त. अलीच्या पायात मात्र रक्ताच्या गुठळ्या झाल्या आणि त्याला रुग्णालय गाठावं लागलं. गुडघ्याखालची लाथ दिसायला कितीही फुसकी असो, महागात पडते.

बूट घालून, हात बांधून

अनवाणी सरावात पुढची सरळ लाथ चवड्यानं मारतात, बोटं मागे वळवून. बूट घातला की बोटं वळत नाहीत, मग टाचेनं किंवा सबंध तळव्यानं मारावी लागते. फ्रेंचांनी हा प्रश्न मुळातच सोडवला. त्यांची 'सावात' ही कलाच बूट घालून खेळायची. मिशेल कास्यूनं 1825 मध्ये पॅरिसला तिची तालीम उघडली असं मानतात, आणि 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिचं प्रदर्शनही झालं. तिथे गुडघा आणि नडगी वर्ज्य, लाथ फक्त पावलानं. दर्जा दाखवायला कमरेचा पट्टा नाही, ग्लोव्हजचे रंग असतात.

आपल्याकडे नागालँडमध्ये सुमी नागांची 'अकी किती' आहे. हात वापरायचेच नाहीत. तळपायानं मारायचं, तळपायानंच अडवायचं, आणि समोरच्याला गुडघ्यावर आणायचं. पूर्वी तंटे मिटवायला ही लढत होत असे. आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभांसाठी हा प्रस्ताव विचारात घ्यायला हरकत नाही.

आधी नाच, मग मार

1958 मध्ये हाँगकाँगच्या चा-चा नृत्यस्पर्धेत पहिला आलेला पोरगा कोण? ब्रूस ली. पडद्यावर त्यानं डोक्याच्या उंचीच्या लाथा मारल्या. प्रत्यक्ष शिकवणीत त्याचा भर होता पुढच्या पायानं समोरच्याच्या नडगीवर किंवा गुडघ्यावर मारायच्या आडव्या लाथेवर. जवळचं हत्यार, जवळचं लक्ष्य. पावलं टाकायची रीत त्यानं तलवारबाजीतूनही उचलली.

ब्राझीलची कापोएरा तर बघणाऱ्याला नाचच वाटते. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांमध्ये ती घडली. 1890 च्या दंडसंहितेनं तिच्यावर बंदी घातली, 1930 च्या दशकात मेस्त्री बिंबानं तिला शाळेची प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि 2014 मध्ये तिचं रिंगण युनेस्कोच्या वारसा यादीत गेलं. तिचा पाया 'जिंगा': पाय सतत मागे-पुढे झुलते ठेवायचे, एका जागी रोवायचेच नाहीत. कोरियाची तेक्क्योनही अशीच लयीत पावलं टाकते, आणि युनेस्कोच्या यादीत ती कापोएराच्या आधी, 2011 मध्येच पोचली.

केरळच्या कळरीपयट्टू या युद्धकलेचं मैदान परंपरेनं 42 फूट लांब आणि 21 फूट रुंद. तिथे शस्त्र हातात येण्याआधी पायांचीच शिकवणी चालते. सरळ पाय कपाळाच्या उंचीपर्यंत फेकायचा, पुन्हा पुन्हा. वडकराच्या मीनाक्षी अम्मा सातव्या वर्षी या मातीत उतरल्या आणि सत्तरी ओलांडल्यावर, 2017 मध्ये, त्यांना पद्मश्री मिळाली. साडी खोचून तलवार चालवतात त्या!

आणि कोल्हापूरच्या मर्दानी खेळात काय वेगळं आहे? दांडपट्टा हातात घेतलेला पोरगा बघताना आपली नजर पात्यावर असते, वस्ताद मात्र त्याच्या पवित्र्याकडे बघत असतात. पाय चुकला की हात चुकणारच.

मराठी पायांना हे जड नाही

लंगडी खेळलेल्या माणसाला किकचा निम्मा अभ्यासक्रम आधीच झालाय, असं माझं ठाम मत आहे. लाथ मारताना तुम्ही एका पायावर असता आणि तोल तिथेच जातो. लंगडीत एका पायावर उभं राहणं, वळणं, झेपावणं सगळं आलं.

कबड्डीत तर लाथच लाथ. साइड किक, बॅक किक, टो टच. चढाईपटू 30 सेकंदांत शत्रूच्या अंगणात जातो, शिवतो आणि परत येतो. परत आलाच नाही तर शिवल्याला काही अर्थ नाही. स्वसंरक्षणाची याहून चांगली व्याख्या मला कुठल्या कराटेच्या पुस्तकात सापडलेली नाही. शिवाय लाथ मारून पाय हवेत रेंगाळला की काय होतं, हे घोट्याची पकड बसलेल्या कुठल्याही चढाईपटूला विचारा. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूनं 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली, त्यांत कबड्डीही होती.

गच्चीवरचा वर्ग

एक पाय म्हणजे शरीराच्या वजनाचा साधारण सहावा हिस्सा. साठ किलोच्या बाईच्या पायात दहा किलोचा हातोडा आहे. पण तो चालतो खुब्यातून. गोल लाथ मारताना उभ्या पायाची टाच समोरच्याच्या दिशेला वळली पाहिजे. ती फरशीला चिकटून राहिली तर जोर तर जातोच, वर गुडघा पिरगळतो.

सरावाला खुर्चीची पाठ धरा. गुडघा वर, पाय लांब, गुडघा परत, पाय खाली, असे चार सुटे टप्पे, आणि शक्य तितक्या सावकाश. सावकाश लाथ मारणं हे जोरात मारण्यापेक्षा कितीतरी अवघड. मांड्या पाच मिनिटांत थरथरतात. पाय जितक्या वेगानं जातो त्याहून जास्त वेगानं परत यायला हवा.

मग खडूनं गच्चीवर त्रिकोण काढा. टोकावर उभं राहायचं. समोरून कुणी सरळ चालून येतोय असं धरून उजव्या किंवा डाव्या कोपऱ्यावर तिरकं सरकायचं. फिलिपिन्सच्या काठीच्या कलेत पावलांचं शिक्षण याच त्रिकोणावर होतं. सरळ मागे पळालं तर तो सरळ अंगावर येतो. तिरकं सरकलं की त्याला वळावं लागतं, आणि तेवढ्यात तुमची वाट मोकळी होते. नियम दोनच: पुढे जाताना पुढचा पाय आधी, मागे जाताना मागचा आधी. पायात पाय घालायचा नाही.

रस्त्यावरची लाथ कमरेच्या वर जाऊ नये. ओल्या फरशीवर, खांद्याला बॅग, अंगात घट्ट जीन्स असताना डोक्याला लाथ मारणं सिनेमातच जमतं. नडगी आणि गुडघा ही लक्ष्यं बरी. जांघेत मारण्याचा सल्ला सगळेच देतात, पण पुरुष ती जागा न सांगताही सांभाळतो, त्यामुळे वार अनेकदा मांडीवरच जातो. हात मात्र छातीपुढे, तळवे उघडे. एक-दोन लाथा, समोरचा अडखळला की काढता पाय घ्यायचा, उजेडाकडे, माणसांकडे, आणि 112 लावायचा.

कायदाही असंच सांगतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची कलमं 34 ते 44 स्वसंरक्षणाचा हक्क देतात. पण कलम 37 म्हणतं, बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. हल्लेखोर खाली पडल्यावर त्याला तुडवत बसणं हा बचाव नाही. कलम 38 मध्ये मात्र जिवावरच्या हल्ल्यांबरोबर ॲसिडहल्लाही आहे. अशा वेळी बचावात हल्लेखोराचा जीव गेला तरी कायदा तो हक्क मानतो.

वर्गात सगळे ट्रॅक पँट घालून, अनवाणी, मऊ मॅटवर शिकतात. महिन्यातून एकदा तरी ऑफिसच्या कपड्यांत, ओढणीसकट, रोजच्या पादत्राणांत सराव करून बघा. जवळ कुणी उभं नाही एवढं आधी पाहून घ्या, कारण बिनपट्ट्याच्या चपलेत समोरच्याकडे चप्पल आधी पोचते, लाथ मागून.