फोडायची भांडी : ज्यू धर्मातील मातीकाम

दिवाळीला आपण नव्या पणत्या घेतो, पण गेल्या वर्षीच्या लावल्या तरी कुणी अडवत नाही. ज्यू धर्मशास्त्रात हनुक्काच्या मातीच्या दिव्याबद्दल मात्र स्पष्ट नियम आहे. एक रात्र जळलेला दिवा जुना झाला. दुसऱ्या रात्री नवा घ्यावा. नसेलच तर तोच विस्तवात तापवून घ्यावा. धातूला ही अट नाही, आणि ग्लेझ केलेली, म्हणजे वर काचेचा थर चढवलेली माती धातूसारखीच धरावी, असे योसेफ कारो यांचा 'शुल्हान आरुख' (व्हेनिस, १५६५) सांगतो. सणाच्या रात्री आठ. तेव्हा ग्लेझ करायचे की नाही, हा दिवा घडवणाऱ्यापुढे निव्वळ शोभेचा प्रश्न राहत नाही.

माती शोषून घेते, हे याच्या मुळाशी आहे. अशुद्ध झालेले धातूचे भांडे अग्नीतून काढून शुद्ध करता येते. मातीचे फोडावे, अशी 'लेवीय'ची आज्ञा आहे. वल्हांडणात खमीर वर्ज्य. मग वर्षभर खमिराचे अन्न शिजलेल्या मडक्यांचे काय? तिसऱ्या शतकात बाबिलोनमध्ये रव म्हणाले, फोडा. शमुएल म्हणाले, सण संपेपर्यंत बाजूला ठेवा. शिवाय त्यांनी मडकी विकणाऱ्यांना बजावले : भाव वाढवलात, तर हे सवलतीचे मत चारचौघांत सांगेन! धर्मचर्चेत बाजारभाव येतो तो असा. मला तालमुदातली ही जागा फार आवडते. अन्नाच्या भांड्यांना मात्र ग्लेझची सवलत नाही. तिथे ग्लेझ केलेली मातीही मातीच.

इतक्या बेभरवशाच्या वस्तूवर कलाकुसर कशाला करायची? त्याचे उत्तर 'हिद्दूर मित्झवा' या कल्पनेत आहे : आज्ञा पाळायचीच, तर देखण्या साधनाने पाळावी. जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये सुमारे १४८० सालचे, धातूसारखी झळाळी असलेले स्पॅनिश मातीचे ताट आहे. वल्हांडणाच्या रात्रीच्या सेदेर भोजनाचे. त्यानंतर बाराएक वर्षांत, १४९२ मध्ये, स्पेनने ज्यूंना हाकलले. ताटावरच्या हिब्रू शब्दांत चुका आहेत; कारागीर ज्यू नसावा, असा अभ्यासकांचा कयास. मला स्वतःला हिब्रू कोशाच्या आधाराने अक्षर-अक्षर लावावे लागते, त्यामुळे त्या कारागिराबद्दल थोडी आपुलकी वाटते. त्या ताटाला श्रद्धा चिकटली ती चाकावर नव्हे, पंक्तीत.

आजचे ज्यू मातीकाम करणारे कलावंत ही दोन टोके जोडू पाहतात. अक्षरे स्वतःच्या हाताने कोरायची, कडू पाला, अंडे, हाड यांच्या वाट्या स्वतः वळायच्या, आणि हे सारे वर्षातल्या एका-दोन रात्रींसाठी. उरलेले वर्षभर ते ताट खमिरापासून दूर, कपाटात.

आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलांकडे सेदेरची रीत पोहोचण्याआधीही हा सण होता. त्याला ते 'अनाशी ढाकाचा सण' म्हणत. अनास म्हणजे तोंडी लावण्याचा आंबट रस. त्याचे भांडे त्या दिवसांत फोडत नसत. नुसते झाकून ठेवत. शमुएलच्या मतासारखे.