दुबळ्या दुसऱ्या सर्व्हिसवर आक्रमक रिटर्न

टेनिसमध्ये सर्व्हिस करणाऱ्याला प्रत्येक गुणासाठी दोन संधी मिळतात. पहिली सर्व्हिस तो मोकळ्या हाताने मारतो, कारण ती चुकली तरी दुसरी शिल्लक असते. दुसरी चुकली तर मात्र डबल फॉल्ट होतो आणि गुण थेट समोरच्याला जातो. म्हणून दुसऱ्या सर्व्हिसला खेळाडू सावध होतो, चेंडूचा वेग उतरतो आणि पुढाकार घेण्याची संधी परतवणाऱ्याकडे येते. तरीही महाविद्यालयीन पातळीवरचा एखादा सामना नीट पाहा. सर्वांत सोप्या दिसणाऱ्या या चेंडूवरच कितीतरी रिटर्न नेटमध्ये किंवा बेसलाइनच्या बाहेर जातात. असे का होते, हे या पाठात समजून घेऊ.

आधी ‘दुबळी’ म्हणजे काय ते ठरवले पाहिजे. हळू सर्व्हिस दुबळी असतेच असे नाही. चांगला खेळाडू दुसऱ्या सर्व्हिसचा वेग कमी करतो, पण चेंडूला भरपूर टॉपस्पिन देतो. पुढच्या दिशेने फिरणाऱ्या चेंडूवर हवेचा दाब असा पडतो की तो लवकर खाली वळतो. त्यामुळे नेटवरून बराच उंच जाऊनही तो सर्व्हिस बॉक्समध्ये पडतो आणि टप्प्यानंतर खांद्यापर्यंत उसळतो. ही सर्व्हिस हळू असली तरी त्रासदायक असते. दुबळी सर्व्हिस वेगळी. तिच्यात स्पिन नसतो, चेंडू नुसता ढकललेला असतो, तो सर्व्हिस लाइनपासून बराच अलीकडे, नेटच्या बाजूला पडतो आणि कमरेच्या आसपास येऊन थांबल्यासारखा वाटतो. ही सर्व्हिस ओळखायची सुरुवात चेंडू उडवण्यापासूनच करा. हात आखडला, फेक खाली राहिली, रॅकेटचा फिरकाव अर्धवट झाला, की पुढे काय येणार ते कळते.

आता चुकीकडे येऊ. वेगवान सर्व्हिस परतवताना तुम्ही तिचाच वेग वापरता. रॅकेट योग्य कोनात धरली की काम होते. हळू चेंडूत उसना घ्यायला वेगच नसतो, तो स्वतःच्या फटक्यातून निर्माण करावा लागतो. त्यात विचार करायला वेळ जास्त मिळतो, म्हणून हात मागे फार लांब जातो आणि पाय मात्र जागच्या जागी राहतात. शिवाय चेंडू आखूड पडल्याने तुम्ही नेटच्या जवळ आलेले असता. नेटची उंची मध्यभागी ०.९१४ मीटर असते. चेंडू त्याहून खाली उतरल्यावर मारला, तर तो आधी वर चढवावा लागतो आणि मग उरलेल्या कमी अंतरात खाली पाडावा लागतो. सपाट, जोरदार फटक्याला हे जमत नाही. म्हणजे उपाय ताकदीत नाही, चेंडू किती लवकर गाठता यात आहे. तो उसळीच्या सर्वोच्च बिंदूजवळ असतानाच घ्या. उशीर झालाच, तर जोर कमी करून टॉपस्पिन वाढवा.

यासाठी पहिली सर्व्हिस चुकताच एक-दोन पावले पुढे सरका. सर्व्हिस करणाऱ्याची रॅकेट चेंडूला लागत असताना छोटी उडी घेऊन दोन्ही पायांवर तोल साधा, खांदे वळवा, हात फार मागे नेऊ नका आणि चेंडू शरीराच्या पुढे घ्या. पुढे सरकण्याचा फायदा आकड्यात पाहता येतो. टप्प्यानंतर चेंडू सेकंदाला १५ मीटर वेगाने येतो आहे असे माना. तुम्ही दीड मीटर पुढे उभे असाल, तर तो तुमच्यापर्यंत ०.१ सेकंद आधी पोहोचतो. तुमचा फटका सेकंदाला २५ मीटर वेगाने गेला, तर परतीच्या वाटेवरही सुमारे ०.०६ सेकंद वाचतो. समोरच्याचा एकूण ०.१६ सेकंद गेला. ऐकायला हे किरकोळ वाटते. पण सर्व्हिसनंतर त्याचे शरीर बेसलाइनच्या आत उतरलेले असते आणि मागे जाऊन सावरायला त्याला नेमका हाच वेळ हवा असतो.

यातूनच रिटर्नचे लक्ष्य ठरते. कोपऱ्यात, रेषेला चाटून जाणारा फटका डोळ्यांना आवडतो, पण पहिली पसंती मध्यभागी, खोलवर, त्याच्या पायांपाशी असावी. दुसरी पसंती तिरक्या फटक्याची. एकेरीच्या कोर्टची सरळ लांबी २३.७७ मीटर आहे, तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे तिरके अंतर सुमारे २५.१५ मीटर. नेटही मध्यभागी खांबांपेक्षा १५ सेंटिमीटरहून अधिक खाली असते. सरळ रेषेतल्या फटक्यात या दोन्ही सवलती जातात.

एक काल्पनिक हिशेब करा. दहा दुसऱ्या सर्व्हिसपैकी प्रत्येक वेळी तुम्ही थेट गुण मिळवायला गेलात, तीन साधले, पाच चुकले आणि उरलेल्या दोनांत बरोबरी झाली, तर हाती चार गुण. उलट नऊ रिटर्न खोल आत टाकले, एक चुकला आणि दबावाखालच्या नऊ रॅलींपैकी सहा जिंकल्या, तर हाती सहा. आक्रमक रिटर्नचे मोजमाप असे करावे. तुमच्या पुढच्या फटक्याच्या वेळी समोरचा अडचणीत असला, तर रिटर्न यशस्वी.

कधीकधी फटका मारण्याआधी नुसती उभे राहण्याची जागाच काम करते. १९८९ च्या फ्रेंच ओपनच्या चौथ्या फेरीत १७ वर्षांच्या मायकेल चँगसमोर अग्रमानांकित इव्हान लेंडल होता. पहिले दोन सेट चँग हरला होता आणि पुढे त्याच्या पायांत गोळे येत होते. पाचव्या सेटमध्ये मॅच पॉइंटवर लेंडलची पहिली सर्व्हिस चुकली, तेव्हा चँग चालत जवळजवळ सर्व्हिस लाइनपर्यंत पुढे आला. लेंडलने डबल फॉल्ट केला आणि सामना संपला. नियमाप्रमाणे परतवणारा आपल्या बाजूला कुठेही उभा राहू शकतो. सर्व्हिस टप्पा पडण्याआधी मात्र मारता येत नाही आणि समोरच्याला मुद्दाम विचलित करण्याची मुभा नाही.

रॉजर फेडररने २०१५ च्या सिनसिनाटी स्पर्धेत याच कल्पनेचे वेगळे रूप दाखवले. समोरचा चेंडू उडवत असताना तो धावत पुढे यायचा आणि टप्पा पडताच हाफ व्हॉलीने रिटर्न करून नेट गाठायचा. ‘सेबर’ या नावाने तो फटका गाजला. तुम्ही तो सरावात जरूर करून पाहा, सामन्यात फार क्वचित. अपेक्षा नसते तोवरच तो चालतो. त्यापेक्षा खोल स्लाइस मारून नेटकडे जाणे शिकणाऱ्याच्या आवाक्यातले आहे.

बॅकहँड टाळून फोरहँड मारण्यासाठी बाजूला सरकायचे असेल, तर निर्णय लवकर घ्या. तुमच्यामागे अर्धे कोर्ट मोकळे पडते, तेव्हा तो फटका खोलच गेला पाहिजे. आणि वर सांगितलेली खांद्यापर्यंत उसळणारी सर्व्हिस आली, तर ती वर चढत असतानाच छोट्या फटक्याने अडवा. ते जमत नसेल, तर सरळ मागे उभे राहा.

सरावासाठी जोडीदाराला फक्त दुसरी सर्व्हिस करायला सांगा. त्याच्या बेसलाइनच्या आत तीन मीटरवर आडव्या ओळीत चार शंकू ठेवा. शंकू आणि बेसलाइन यांच्यामधल्या पट्ट्यात पडलेल्या रिटर्नला एक गुण, नेटमध्ये किंवा बाहेर गेलेल्यासाठी दोन गुण वजा. जोडीदाराला चेंडूला हातही लावता आला नाही, तरी त्या फटक्याला एकच गुण द्या. पहिल्या दिवशी या शेवटच्या नियमावर हमखास वाद होतो. वीस सर्व्हिसची बेरीज वहीत लिहून ठेवा आणि मग जागा बदला.