तोंडी नको, लेखी द्या

वागळे इस्टेट असो की डोंबिवलीची एमआयडीसी, ओव्हरटाइमचे पैसे कमी आले की आपला माणूस सुपरवायझरला तोंडी सांगतो. 'बघू' एवढेच उत्तर मिळते. महिना उलटतो आणि आपण बोललो होतो, याचा पुरावाही उरत नाही.

म्हणून अर्ज लिहा. वर तारीख, कोणाला लिहिता ते आणि विषय. मग कोणत्या तारखांना किती तास जादा काम केले, किती पैसे कमी मिळाले आणि काय हवे ते लिहा. शेवटी सही, नाव, खाते, टोकन नंबर. राग आणि जुनी भांडणे त्यात नकोत. एका अर्जात एकच मागणी. शाळेत जाणाऱ्या मुलीला तो मोठ्याने वाचायला सांगा. ती जिथे अडेल, ते वाक्य सोपे करा.

दोन प्रती करा. एकीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. पोच देत नसतील तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा.

१९१९ साली बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली, तेव्हा लेखी निवेदनही सादर केले. ते कागदावर होते म्हणून आजही वाचता येते. आपली पोचही रेशनकार्डाशेजारी जपून ठेवा.