फुलपाखरी आमरीचे संगोपन

भेट म्हणून आलेले आमरीचे, म्हणजे ऑर्किडचे, एक सुंदर रोप आम्ही दोन महिन्यांत मारले, हे आरंभीच कबूल केलेले बरे. हेळसांडीने नव्हे, अतिलाडाने! तुळशीसारखे रोज पाणी घातले, कुंडीत मायेने माती व शेणखत भरले. मुळे कुजली आणि पाने एकेक करून गळाली.

चूक कोठे झाली, हे तिचे माहेर पाहिले म्हणजे कळते. जावा बेटावरील वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या ब्लूम या शास्त्रज्ञाने १८२५ साली या प्रजातीला ‘फॅलिनॉप्सिस’, म्हणजे पतंगासारखी दिसणारी, असे नाव दिले. तिकडच्या दमट अरण्यांत ती झाडांच्या खोडांवर वाढते. आपल्या सह्याद्रीतली सीतेची वेणीही अशीच. कित्येक जण तिला बांडगूळ समजतात, परंतु तो तिच्यावर अन्याय आहे. ती झाडाचा रस शोषीत नाही, केवळ आधार घेते.

अशा वनस्पतीच्या मुळांवर मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण असते. पावसाचे पाणी ते झटकन टिपते आणि मग वाऱ्यावर सुकते. हवा कोंडली की मूळ कुजते. म्हणून माती वर्ज्य. झाडाच्या सालीचे व कोळशाचे तुकडे भोकांच्या कुंडीत घालावेत. पाणी केव्हा द्यावे, हे मुळांनाच विचारावे. ओले मूळ हिरवे दिसते, सुकलेले रुपेरी. रुपेरी झाले की सकाळी भरपूर पाणी द्यावे व ते निथळू द्यावे. पानांच्या गाभ्यात पाणी साचले तर कापडाने टिपावे, कारण रोपाला वाढीचा शेंडा एकच असतो. पूर्वेची खिडकी व पातळ पडदा असला की उजेडाचे काम भागते.

खरी उत्कंठा फुलांची. रात्रीचे उष्णतामान काही आठवडे सोळा-अठरा अंशांपर्यंत उतरले म्हणजे दांडा फुटतो. अठ्ठावीस अंशांच्या वर सतत राहिले तर नुसती पानेच येतात. पुणेकरांना हा थंडावा हिवाळ्यात फुकट मिळतो, मुंबईकरांना त्यासाठी झगडावे लागते. फुले दोन-तीन महिने टिकतात. ती गळाली म्हणून रोप टाकून देऊ नये. दांडा हिरवा असेल तर तोही लगेच कापू नये, त्याच्या पेरातून कधी कधी पुन्हा कळ्या येतात.

आमच्या दुसऱ्या रोपाला यंदा पौषात पानांच्या बगलेतून एक कोंब आला. मूळच असेल म्हणून आम्ही आठवडाभर लक्ष दिले नाही. मुळाचे टोक गोल व गुळगुळीत असते. याचे चपटे होते आणि ते खिडकीकडे वळू लागले होते.